जुन्या औषधाचे अण्णा

गावात कुणी वारलं की तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून मंडळी कृष्णेवर यायची. आमचे कंपाउंडरअण्णा त्यांच्या आधीच घाटाच्या पायरीवर येऊन बसलेले असायचे. धोतर, कोट, काळी टोपी, काखेत छत्री आणि मांडीवर बिस्किटांचा रिकामा डबा. राख पाण्यात सोडून झाली की मयताच्या आवडीच्या वस्तू सोडायची तिकडे रीत होती. कुणाची पानतंबाखूची चंची, कुणाची चिलीम. त्यांच्याबरोबर फडक्यात बांधलेली त्याची उरलेली औषधंही जायची. औषध अन्नासारखंच मानायचे लोक. ते उकिरड्यावर टाकायचं नाही, त्याला पाय लागू द्यायचा नाही, नदीला द्यायचं.

अण्णा उठून डबा पुढे करायचे. "चंची नदीला द्या. औषध मला द्या."

"आवं कंपाउंडर, मढ्याची राख अजून निवली न्हाई, आन् तुमी मागाय आला?"

"म्हणूनच आलो. उद्या आलो तर औषध नदीत गेलेलं असेल. नदी इथं संपते का? खालचं गाव हेच पाणी पितं."

"मग पिऊं द्या की. खालच्या गावानं आमच्या जत्रंत कुस्त्या बंद पाडल्या हुत्या."

रडून डोळे सुजलेल्या माणसांतही यावर हसू फुटायचं आणि त्या हशात कुणीतरी फडकं अण्णांच्या डब्यात टाकायचं. अण्णा डोक्यावरची टोपी काढून मयताला नमस्कार करायचे आणि चालू लागायचे. टोपी काढताना त्यांचं टक्कल उन्हात चमकायचं, आणि बायका पदराआड हसायच्या.

हे सत्तरच्या दशकातलं. कुंडलपासून पाचेक कोसांवरचं ते नदीकाठचं गाव, तिथला सरकारी दवाखाना, आणि त्यात मी ड्रेसर. जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या. माझं वय तेवीस-चोवीस असेल. डॉक्टर आठवड्यातून तीन दिवस यायचे. बाकीचे दिवस दवाखाना अण्णांचा आणि माझा. अण्णा मूळचे वाईचे. बायको-मुलगी वाईला, आणि हे एकटे दवाखान्याच्या मागच्या खोलीत. माझं गाव विट्याकडचं. तिकडची माझ्या वयाची पोरं सोनं गाळायला परमुलखातल्या शहरांत गेलेली. मी मागे राहिलो म्हणून नातेवाईक हळहळायचे. अण्णा म्हणायचे, "तिथं सोनं गाळतात, इथं आपण औषध गाळतो. काम एकच आहे, कचरा ओळखायचा."

कचरा ओळखायचं त्यांना वेड होतं. औषधांना ते माणसासारखं, अहो-जाहो करून बोलायचे. फडक्यातली एकेक बाटली उजेडाकडे धरून तिच्यावरचं नाव आणि मुदत वाचायचे. "हे गृहस्थ खोकल्याचे. अजून नोकरीत आहेत, पण मालक गेले. या बाई पोटाच्या. हे गृहस्थ मात्र मार्चमध्ये सेवानिवृत्त झालेत. निवृत्त माणसाला कामाला लावू नये, काहीतरी घोटाळा करून ठेवतो."

मी आता निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. हे वाक्य आठवलं की एकटाच हसतो.

गावातली औषधांची तऱ्हा अशी, की शेजारणीकडे विरजण मागावं तशी बायका गोळी मागायच्या. "तुमच्या दादाला गुण आला हुता, ती पांढरी गोळी हाय का वं एखादी?" गोळी देव्हाऱ्यातून निघायची, कारण घरात सगळ्यात उंच, सगळ्यात सोवळी जागा तीच. एका घरी आम्ही गेलो तर देवाच्या टाकांशेजारी सात गोळ्या हळदकुंकू लावून मांडलेल्या. अण्णांनी हात जोडले आणि घरधनिणीला विचारलं, "यांतले देव कोणते आणि गोळ्या कोणत्या, हे तुम्हाला तरी कळतं ना?"

बुधवारच्या बाजारात ते वडाखाली पाट मांडून बसायचे. पाटावर दहा पांढऱ्या गोळ्या. "ओळखा. यांत एक तापाची, एक जंताची, एक झोपेची, एक पेपरमिंट आणि एक शाळेतला खडू. ओळखेल त्याला माझी छत्री बक्षीस." छत्रीच्या लोभानं गर्दी व्हायची. जाणती माणसं वास घेऊन, नख लावून बघायची. छत्री कुणाला मिळाली नाही. एकदा भाजीवाल्या एका म्हातारीनं त्यांना पेचात धरलं.

"कंपाउंडर, तुमाला तरी वळखू येत्यात का?"

"नाही येत."

"मग आमाला कशापायी इचारताय?"

"मला येत नाहीत म्हणूनच मी नाव लिहून ठेवतो. मी तीस वर्षं हेच काम करतोय मावशी. मला येत नाही ते तुम्हाला अंधारात फडताळात हात घालून येणार आहे का?"

पुढच्या बाजाराला म्हातारीनं लुगड्याच्या ओच्यातून चार बाटल्या आणल्या आणि पाटावर ठेवल्या. एक बाटली तिच्या नवऱ्याची होती, म्हणजे निदान दहा वर्षांपूर्वीची.

नाव लिहायची त्यांची पद्धत ठरलेली. जांभळी पेन्सिल, ओली केली की शाईसारखी उमटते ती. अण्णा ती जिभेवर ओली करायचे, त्यामुळे त्यांची जीभ बारा महिने जांभळी असायची. पोरं त्यांना जीभ दाखवायला सांगायची आणि तेही गंभीरपणे दाखवायचे. गोळा केलेल्या प्रत्येक बाटलीवर ते कागदाची चिठ्ठी डकवायचे. तिच्यावर औषधाच्या मालकाचं नाव, मालक गेला असेल तर नावाआधी 'कै.'. मी विचारलं, पुरूनच टाकायचं तर नाव कशाला? म्हणाले, "औषधाला दोन नावं असतात. एक त्याचं, एक माणसाचं. डॉक्टर ती दोन नावं जोडून देतो. माणूस गेला की जोड सुटली. सुटलेलं औषध मोकाट जनावरासारखं, कुणालाही शिंग मारतं."

सगळा माल खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीत साठायचा. दर शनिवारी दुपारी, दवाखाना आवरता आवरता, अण्णा मागच्या आवारात जायचे. विहिरीपासून लांब, चढावर त्यांनी कमरेइतका खड्डा खणून घेतला होता. गोळ्या ठेचायच्या, पातळ औषधं शेणात आणि राखेत कालवायची, म्हणजे कुत्र्यानंही तोंड लावायला नको. मग चुन्याचा थर आणि वर माती. रिकाम्या बाटल्या फोडायच्या, नाहीतर त्यांत कुणीतरी रॉकेल नाहीतर उसावर मारायचं औषध भरून ठेवायचं आणि कुणीतरी ते खोकल्याचं म्हणून प्यायचं. असं एकदा झालंही होतं. ओतण्याआधी अण्णा प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायचे. कैलासवासी अमुक, कैलासवासी तमुक. चिठ्ठी भिजवून काढून ती मात्र वेगळी जाळायचे. गावातला एखादा मुलगा किंवा सून कधीकधी बघायला यायची. नाव घेतलेलं ऐकून त्यांचं समाधान व्हायचं. नदीला दिलं नाही तरी बेवारशी टाकलं नाही, एवढं त्यांना कळायचं. आज ही पद्धत बरोबर धरतात की नाही, मला माहीत नाही. तेव्हा दुसरी कुणाकडेच नव्हती.

पण सगळं गाव काही बघायला येत नव्हतं. चावडीवर वेगळंच चालायचं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातोय म्हणायचे. मेलेल्यांची औषधं नेतो आणि वाईला मेव्हण्याच्या दुकानात विकतो. अण्णांना मेव्हणा नव्हता. मी हे ऐकून घ्यायचो. खरं सांगायचं तर मलाही तो खड्डा म्हणजे वेडेपणा वाटायचा. दवाखान्यात औषधं महिनोन् महिने संपलेली असायची, लोक रिकाम्या हातानं परत जायचे, आणि आम्ही मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांनी दिलेल्या भरलेल्या बाटल्या शेणात कालवत होतो. एकदा तसं बोललोही. अण्णा म्हणाले, "गुण येणार नाही याची मला भीती नाही हो. येईल, याची आहे. दोन दिवस गुण येतो आणि माणूस गाफील राहतो."

हे वाक्य मी ऐकलं होतं. पुढे जे सांगणार आहे ते घडलं तेव्हा मला ते माहीत होतं.

दवाखान्याच्या औषधाच्या खिडकीला लाकडी फळ्या मारलेल्या होत्या आणि खाली तेवढी एक फट. बाहेरच्याला आतला फक्त हात दिसायचा. एका शनिवारी दुपारी त्या फटीपाशी दाजीबा आला. ऊसवाला शेतकरी, नजर अधू. त्याचा हणमंत फौजेत होता. रजेवर आलेला. ऊसतोडीला हात लावायला गेला आणि उसाचं पातं उजव्या डोळ्याला लागलं.

"डोळा लाल इंगळ झालाय वं. काय तर थेंब द्या."

सरकारी मलम संपलं होतं. डॉक्टर त्या दिवशी नव्हते. अण्णा मागे खड्ड्यावर चुना कालवत होते. त्यांच्या घमेल्याचा आवाज मला ऐकू येत होता. हाक मारायची होती, एवढंच. मी म्हणालो, "मिरजेला न्या त्याला."

"आज घरात सत्यनारायण हाय, पावणं आल्यात. परवा त्याची गाडी हाय, सोमवारी. मिरजंला कवा नेऊ?"

पेटी पायाशीच होती. त्यात दोन दिवसांपूर्वी आलेली डोळ्यांत घालायची एक बाटली होती. गणू सुतार मोतीबिंदू काढून मिरजेहून आला होता, ती त्याची. महिन्याभरात तो दुसऱ्याच आजारानं गेला. बाटली जवळजवळ भरलेली. मिरजेच्या डॉक्टरांचं औषध, डोळ्याचंच औषध. मी ती उचलली. वर अण्णांची चिठ्ठी होती, 'कै. गणू सुतार'.

मी अंगठा ओला केला आणि चिठ्ठी खरवडली. घाईत अर्धीच निघाली. मग बाटली फटीतून बाहेर ठेवली. दाजीबानं ती दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली.

पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी दयेपोटी दिली. दाजीबाला वाचता येत नव्हतं. मग चिठ्ठी मी कशासाठी खरवडली? मेलेल्याचं नाव जवानाच्या बाटलीवर अशुभ दिसेल म्हणून, असंही सांगून पाहिलं. खरं उत्तर एकच आहे. आपण करतोय ते अण्णांना चालणार नाही, हे अंगठ्याला माहीत होतं.

संध्याकाळी चहा पिताना अण्णांचं माझ्या हाताकडे लक्ष गेलं. "अंगठा जांभळा झालाय. कुठं मत देऊन आलात?"

"जखमेला लावायचं जांभळं औषध सांडलं," मी म्हणालो. ड्रेसरला शोभेल असं खोटं होतं. अण्णा हसले. मीही.

हणमंतला गुण आला. रविवारी लाली उतरली, आणि सोमवारी तो बाटली खिशात घालून मिरजेच्या गाडीला गेला. प्रवासभर थेंब घालत होता. पलटणीत पोचेपर्यंत डोळ्यात पांढरा ठिपका पडला होता. फौजेच्या दवाखान्यात दोन महिने ठेवला, पण डोळा गेला. नंतर मला मिरजेच्या एका डॉक्टरांनी समजावलं. पात्याच्या जखमेबरोबर बुरशी आत जाते. मोतीबिंदूनंतर सूज उतरायला देतात ते औषध तिच्यावर घातलं तर लाली जाते आणि आत बुरशी माजते. गणूला जे योग्य होतं त्यानंच हणमंतचा डोळा खाल्ला.

एका डोळ्यानं फौजेत राहता येत नाही. हणमंत घरी आला, हिरवा चष्मा लावून. त्याचं ठरलेलं लग्न मोडलं. त्यानं परत आणलेली बाटली दाजीबानं चावडीवर नेली, आणि तिच्यावर उरलेली जांभळी अक्षरं सगळ्यांनी वाचली. 'णू सुतार'. ते अक्षर गावात कुणाला ओळखीचं नव्हतं?

सांगलीहून आरोग्यखात्याचे साहेब चौकशीला आले. दवाखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकली. पुढे निम्मं गाव.

"बाटली कुणी दिली?" साहेबांनी दाजीबाला विचारलं.

"खिडकीतनं दिली साहेब."

"कोणी?"

"हात बघितला. त्वांड न्हाई बघितलं, आवाज बी ध्येनात न्हाई. शपथंवर सांगतो, मला न्हाई ठावं."

साहेब अण्णांकडे वळले. "ही चिठ्ठी तुमच्या हातची?"

"हो."

"बाटली तुम्ही दिलीत?"

खिडकीच्या आतल्या बाजूला दोनच माणसं असायची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाकडे नाही, हाताकडे. मी अंगठा मुठीत घेतला. शाई जाऊन महिने झाले होते, तरी घेतला. त्यांनी पुष्कळ वेळ वाट पाहिली. निदान मला तो वेळ पुष्कळ वाटला. ओट्याखाली कुणीतरी खाकरलं. मग ते म्हणाले, "पेटी माझी. तिला कुलूप नव्हतं, ही चूक माझी."

"मी विचारलं, दिली कुणी?"

"पेटी माझी," अण्णा पुन्हा म्हणाले. साहेबांनी लिहून घेतलं.

गर्दीतून आवाज आला, "किती जणांचं इकलं ते बी इचारा की साहेब." यावर मात्र अण्णांची मान खाली गेली. मी बोललो नाही. मला वाटलं, आज रात्री विचार करून उद्या बोलू. त्यांच्या बदलीचा हुकूम काही दुसऱ्या दिवशी आला नाही, महिन्यानं आला. मला तीस दिवस मिळाले होते.

ते जाण्याआधीच्या शनिवारी पेटीत काहीही आलेलं नव्हतं. तरी ते खड्ड्यावर गेले, तो मातीनं भरला आणि वरची जमीन पायानं चोपून सारखी केली. पुढच्या मयताला औषधाचं फडकं नदीत गेलं. मी घाटावर होतो. मी मागितलं नाही.

त्यांना खंडाळ्याच्या बाजूला टाकलं होतं. तीनेक वर्षांनी ते मला एकदाच भेटले, साताऱ्याच्या एसटी स्टँडवर. छत्री तीच, कोट तोच, जीभ जांभळी. मला बघून त्यांचा चेहरा उजळला, हेच मला सोसवेना. घरचं विचारलं, माझ्या मुलाचं नाव विचारलं. मग म्हणाले, "पेटीला कुलूप लावता ना?" गावात आता पेटीच नव्हती. मी 'हो' म्हणालो. त्यांची वाईची गाडी लागली. चढताना वळून म्हणाले, "हणमंतच्या दुसऱ्या डोळ्याला जपा. त्याला सांगा, वर्षातून एकदा मिरजेला दाखवत जा." गाडी सुटली.

ते गेल्याचं मला फार उशिरा कळलं. वाईला गेलो तेव्हा घराला दुसऱ्याच कुणाची पाटी होती.

मागच्या वर्षी, वयाच्या या टप्प्यावर, मी त्या गावी गेलो. हणमंत गोठ्यापाशी बाजेवर बसला होता. माझ्याएवढाच म्हातारा. मी उभ्यानंच सांगितलं. बाटली, अंगठा, मूठ, सगळं. त्यानं हातातली वैरण खाली ठेवली आणि एका डोळ्यानं मला न्याहाळलं.

"बा मरस्तोवर अण्णाला शिव्या देत हुता," तो म्हणाला. "आन् तुमी मर्तिकाला येऊन जेवून गेला हुता."

"हो."

"म्या बी दिल्या शिव्या."

त्यानं वैरण उचलून म्हशीपुढे टाकली.

"आता मला सांगून काय उपेग? डोळा माझा हुता, गेला. त्येचं नाव गेलं ते गावात गेलं. तितंच सांगा. मला एकट्याला सांगून मोकळं हू नका."

संध्याकाळी देवळापुढे भजनाला माणसं जमतात. हणमंतनं मला तिथं नेलं, हाताला धरून, जरा जास्तच घट्ट. टाळ थांबवले आणि म्हणाला, "ह्ये काय सांगत्यात ते ऐका." मी सांगितलं. अण्णांचं पूर्ण नाव घेतलं. ते इथं लिहीत नाही, कारण ते गेलं त्या गावातच घ्यायचं होतं. दोषी म्हणून कुणाला ठाऊक नव्हतं ते माझं नाव, तेही तिथंच घेतलं.

सांगून झालं तेव्हा पुढे बसलेला एक तरणा गडी म्हणाला, "कोण अण्णा?"

एवढ्या वर्षांची मूठ मी उघडली होती, आणि निम्म्या माणसांना अण्णा कोण तेच माहीत नव्हतं.

"जुन्या औषधाचा कंपाउंडर रं," हणमंत म्हणाला. "तुज्या आज्ज्याची राख सोडली तवा डबा घिऊन बसला हुता घाटावर. चोर म्हणून घालवला आपुन त्याला. चोर न्हवता. ध्येनात ठेव."

दोघं-तिघं म्हातारे माना हलवत होते. एकजण उठून निघून गेला, माझ्याकडे न बघता. ते बरोबरच होतं. मग बायकांच्या बाजूनं एक मध्यम वयाची बाई बोलली.

"आवं, ते ऐकलं. पर आमच्या मामंजींची पिशवीभर औषधं पडल्यात, वरीस झालं. नदीत टाकू ने म्हणताय, दुसऱ्याला दिऊ ने म्हणताय. मग करायचं काय त्यांचं?"

"घिऊन ये," हणमंत म्हणाला.

ती गेली आणि पिशवी घेऊन आली. मी देवळाच्या पायरीवर बसलो. दिव्याखाली चष्मा पुसला. पिशवीतली पहिली बाटली काढून उजेडाकडे धरली. माणसं पुढे सरकली, तो तरणा गडीही.

"हे गृहस्थ," मी म्हणालो, "मार्चमध्ये सेवानिवृत्त झालेत."